सहा खिडक्यांचं एस्टिमेट

आमच्या घराच्या सहा खिडक्या बदलण्याचं एस्टिमेट मी स्वतः केलं होतं. ते अकरा पानांचं होतं आणि त्यातली शेवटची माझी सही तेवढी बरोबर होती.

हे मी काही फुशारकीनं सांगत नाही. पण लपवूनही उपयोग नाही, कारण पारनेरातल्या आमच्या गल्लीत ही हकिगत माझ्यापेक्षा इतरांनाच जास्त पाठ आहे. निदान माझ्या तोंडून ऐकलीत तर त्यात बकरी एकच असेल. (गल्लीत सांगतात तेव्हा तीन असतात!)

मी तेव्हा बांधकामाच्या सरकारी कचेरीत ओव्हरसिअर होतो. दुष्काळाची वर्षं. गावोगाव खडी फोडायची, रस्त्यांची, तलावांची कामं निघालेली आणि प्रत्येक कामाच्या आधी एस्टिमेट हवं. सकाळी उठलो की एस्टिमेट, जेवून हात धुतले की एस्टिमेट. माझी बायको कमल म्हणायची, "अहो, भाकरीकडे तरी भाकरीसारखं बघा! तिची लांबी-रुंदी काय बघताय?"

ही कमल पहिल्या बाळंतपणाला माहेरी, कोल्हारला गेली होती. मुलगी झाली. आणि बाळ दोन-तीन आठवड्यांचं झालं तसं तिचं पत्र आलं. 'पंधरा तारखेला गुरुवारी आई मला आणि बाळाला सोडायला येते आहे. एकच काम करून ठेवा. मधल्या खोलीच्या खिडकीची कडी लागत नाही, ती बसवून घ्या. तिकडचा वारा तुम्हाला ठाऊक आहे, बाळाला धूळ लागायला नको. बाकी काहीही करू नका.'

शेवटच्या वाक्याखाली तिनं दोन रेघा मारल्या होत्या. मी गहिवरलो. बिचारी किती काटकसरी! मला खर्चात पाडायला नको म्हणून दोन-दोन रेघा!

कडी बघायला म्हणून मी खिडकीपाशी गेलो आणि कडी ओढली, तर कडीबरोबर झडप आली. झडप धरायला गेलो, तर चौकटीचा एक तुकडा हातात आला. वडिलांनी बांधलेलं दगड-मातीचं तीन खोल्यांचं घर, खोलीत दोन-दोन खिडक्या, आणि सगळ्यांचं लाकूड वाळवीनं आतून खाऊन वर नुसता रंग शिल्लक ठेवलेला! मी तिथल्या तिथे ठरवलं, सहाच्या सहा खिडक्या नव्या. कमल दारात पाऊल टाकेल, बघेल आणि म्हणेल, "अगंबाई!"

(ती तसं म्हणाली. पण त्याला वेळ आहे.)

रहिमानभाई सुतारांना बोलावलं. आमच्याकडे वडिलांच्या वेळेपासून लाकडाचं सगळं काम त्यांचंच. ते आले, रस्त्यावरच उभे राहिले, डोळे बारीक करून घराकडे एकदा बघितलं, मागच्या बाजूला एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सागवानी करायच्या तर साडेतीनशे."

"असं कसं साडेतीनशे? मोजलं कुठे तुम्ही?"

"बघितलं की."

"बघून किंमत ठरत नसते, रहिमानभाई. त्याला माप लागतं, दर लागतो, तक्ता लागतो."

"लागत असंल," ते शांतपणे म्हणाले. "मग मी मापं घिऊ का?"

"मापं मी काढतो," मी म्हणालो. "मी पूल मोजतो, पूल!"

"पुलाला खिडक्या नसत्यात," एवढंच ते म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी कचेरीतली मोजमापाची कापडी फीत मी घरी आणली. एक टोक धरायला माणूस हवा म्हणून शेजारच्या सोनाबाईंना हाक मारली. सोनाबाई म्हणजे आमच्या गल्लीची खड्या आवाजाची मालकीण. चार बकऱ्या, थोडी कोरडवाहू जमीन आणि जगातल्या कुठल्याही विषयावर तयार मत. त्यांनी फितीचं टोक हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं.

"साहेब, ही हितं तुटल्यावानी दिसतीया."

"सोनाबाई, सरकारी फीत आहे ती!"

"मंग तुटलेलीच असंल."

मी दुर्लक्ष केलं. आम्ही सहाही खिडक्या मोजल्या. त्या टोक धरून उभ्या राहायच्या, मी दुसरीकडे आकडा वाचायचा आणि वहीत मांडायचा. रुंदी तीन फूट, उंची साडेतीन फूट. सहाही सारख्या. किती सुरेख! वडिलांच्या हातात शिस्त होती, म्हटलं.

मग मी एस्टिमेटाला बसलो. दोन संध्याकाळी गेल्या. लाकूड इतके घनफूट, वाया जाणारं इतकं, बिजागऱ्या, स्क्रू, काचा, रंगाचे दोन हात, जुन्या चौकटी काढणे, नव्या बसवणे, कडेनं माती आणि चुन्याचा गिलावा. गिलाव्याला पाणी लागतं, तेव्हा सवयीनं लिहिलं, 'पाणी : जागेवर उपलब्ध. खर्च : शून्य.' शेवटी किरकोळ व अनपेक्षित खर्चासाठी पाच टक्के. एकूण चारशे सत्याऐंशी रुपये त्रेसष्ट पैसे!

रहिमानभाईंना मी ते वाचून दाखवलं. अकराही पानं. त्यांनी मध्ये एकदा पान खाल्लं, एकदा घोंगडीवरची मुंगी उचलून बाहेर सोडली.

"ते तिरसठ पैसं कशाचं?"

"ते हिशेबात आलेत."

"बरं, येऊ द्या." मग मापांच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, ही मापं माझ्या नजरंला मोठी वाटत्यात. येकदा येऊन काठी लावून बघू का?"

"नजर आणि फीत यात फरक असतो, रहिमानभाई."

"व्हय. असतो की."

"तुमचा माझ्यावर विश्वास नाही?"

"हाय म्हनूनच इचारतोय."

मी मापांचं पान सही करून त्यांच्या हातात दिलं. सही बघितल्यावर माणूस गप्प बसतो, हा माझा कचेरीतला अनुभव. तेही गप्प बसले.

कार्यक्रम मी तारीखवार आखला. सोमवारी जुन्या खिडक्या बाहेर, नव्या आत. मंगळवारी गिलावा. बुधवारी रंग. गुरुवारी कमल. एका रेषेत, चोख!

सोमवारी सकाळी रहिमानभाई नव्या चौकटी आणि झडपा बैलगाडीत घालून घेऊन आले. काम काय देखणं केलं होतं! सागवानाचा वास अख्ख्या गल्लीत. ते म्हणाले, "आदी येक जुनी काढू, तितं नवी लावून बघू. बसली तर मंग बाकीच्या काढू."

"तसं करायला दिवस जाईल. कार्यक्रमात सगळ्या एकदम काढायच्या आहेत."

"कारेक्रम बदलता येत न्हाई?"

"कार्यक्रम बदलायचा तर मग तो केला कशाला?"

त्यांनी सहाही काढल्या. तासाभरात घराला सहा भोकं पडली. मग पहिली नवी चौकट दोघांनी उचलली आणि भिंतीला लावली. खिडकी भोकात जायच्या ऐवजी भोकच खिडकीत मावलं! चारही बाजूंनी ऐसपैस!

"दुसरी लावून बघा," मी म्हणालो.

दुसरीही तशीच. तिसरीही. मग मी म्हणालो, ही कदाचित मागच्या बाजूची असेल. मागे नेली. नाही. सहा चौकटी, सहा भोकं. प्रत्येक चौकट प्रत्येक भोकाला लावून बघेपर्यंत मी कुणाचं ऐकलं नाही. छत्तीस वेळा! गल्लीतली मंडळी आपापल्या ओट्यावर बसून मोजत होती.

रहिमानभाईंनी आपला लाकडी गज काढून भोकाला लावला. रुंदी अडीच फूट. उंची तीन फूट. माझ्या कागदावर दोन्ही अर्ध्या अर्ध्या फुटानं जास्त.

मी तसाच कचेरीत पळालो. मोजणीला नेहमी माझ्याबरोबर असणारा गणपत शिपाई व्हरांड्यात बसला होता.

"गणपत, त्या फितीला काय झालंय?"

"कुटल्या? आपल्या? तिचा पहिला अर्धा फूट गेला न्हाई का, साहेब, बैलगाडीखाली! साल झालं की. म्हनून तर मी दर मापाला वरडतो, 'अर्धा फूट वजाऽऽ!'"

ओरडायचा. खरंच ओरडायचा. वर्षभर रोज ऐकत होतो मी, आणि माझा हात आपोआप अर्धा फूट वजा करून मांडत होता. डोक्याचा त्यात काही संबंध नव्हता. घरी गणपत नव्हता. सोनाबाई होत्या, त्या बिचारीनं पहिल्याच मिनिटाला सांगितलं होतं, पण त्या 'वजा' म्हणाल्या नाहीत ना!

परत आलो तर वारा सुटलेला. पारनेरचा वारा सरळ वाहत नाही, तो घरात शिरून सामानाची झडती घेतो. आजवर त्याला फटीतून यावं लागायचं, आता सहा वाटा मोकळ्या. भांड्यांवर धूळ, अंथरुणावर धूळ, बाळासाठी टांगलेला पाळणा आपला आपणच जोरजोरात झुलतोय! मी भोकांना गोणपाटं बांधली. ती उडून गेली. आतल्या बाजूला कपाट सरकवलं, तेवढ्यात बाहेरून सोनाबाईंची एक बकरी दुसऱ्या खिडकीतून उडी मारून आत आली आणि एस्टिमेटाची चार ते सात ही पानं खाऊन निघून गेली. तिला ती पचली. मला अजून पचलेली नाहीत.

कपडे बदलायचीही सोय राहिली नाही. कुठल्याही कोपऱ्यात उभा राहिलो की एका तरी खिडकीतून कुणीतरी विचारायचं, "काय साहेब, झालं का काम?"

मी ओट्यावर डोक्याला हात लावून बसलो. गुरुवारी बाळ येणार. सव्वा महिन्याचा जीव, आणि मी त्याच्यासाठी घराची चाळण करून ठेवलेली. इतका वेळ मला लाज वाटत होती. आता भीती वाटायला लागली.

"रहिमानभाई, चौकटी कापून लहान करता येतील?"

"येत्याल. पन सांधं मोडून सगळं नव्यानं करावं लागंल. झडपा, काचा समदं. पंदरा दिस."

"तुम्हाला मापं मोठी वाटली होती, तर मग केल्यात कशाला?"

त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मला वाटलं साहेब इंजेनेर मानूस. भित फोडून खिडक्या मोठ्या करायच्या असत्याल. सही बी केलती."

मग आम्ही दोघांनीही एकदमच भिंतीकडे बघितलं. रहिमानभाई उठले, भोकाच्या वरची लाकडं हातोडीनं ठोकून बघितली. "ही लाकडं सागवानी हायेत, तुमच्या वडलांनी चांगली घातल्यात. वाळवी फिरकलेली न्हाई. दोनी अंगानं भितीत फूट फूट गेल्यात. तीन-तीन इंच भित खाल्ली तरी काय व्हत न्हाई. वरनं हात लावायचा न्हाई, उंची खालनं वाढवू. दोन दिसात व्हतंय." मग थांबून म्हणाले, "फकस्त मातीला आन गिलाव्याला पानी लागंल. लई लागंल."

पाणी! टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा आणि घरटी दोन घागरी मिळायच्या. माझ्या घरात त्या दिवशी एक घागर अर्धी होती. जागेवर उपलब्ध. खर्च शून्य. कचेरीच्या कागदांवर हे शब्द मी वर्षभर लिहीत होतो. घागरीत हात घालून कधी बघितलं नव्हतं.

संध्याकाळी आपण कोल्हारला तार करू, येऊ नका म्हणून, असं मी ठरवत होतो. तेवढ्यात सोनाबाई आल्या. डोक्यावर घागर. त्यांनी ती ओट्यावर ठेवली.

"अहो सोनाबाई, हे कशाला? तुम्हाला काय राहिलं?"

"तुमच्यासाटी न्हाई आनलं," त्या फटकारून म्हणाल्या. "लेकरू यायचंय. त्येला काय ठावं, बाप कसा मोजतो ते!"

त्यांच्या मागून समोरच्या घरातली सून आली. तिच्या मागून कोपऱ्यावरचे गुरुजी, दोन तांबे घेऊन. मग आणखी कुणी, कुणी कळशी, कुणी बादली, कुणी नुसतं तळाशी पाणी असलेला हंडा. ज्यांच्या घरी आंघोळीचं पाणी परत भांड्यांना आणि भांड्यांचं गुरांना जात होतं, त्या घरांतलं हे पाणी. मी प्रत्येकाला 'नको, नको' म्हणत होतो आणि प्रत्येक जण मला बाजूला सारून भांडं ठेवत होता. एवढ्या वर्षांत मी पुष्कळ मोजलं, पण ती भांडी किती होती ते मोजलं नाही. मोजायचं धाडसच झालं नाही.

मंगळवारी संध्याकाळी आणखी एक गंमत. दिवसभर रस्त्याच्या कामावर, म्हणजे माझ्याच कचेरीच्या कामावर, खडी फोडून आलेली गल्लीतली पाच-सहा माणसं घरी न जाता पहारी घेऊन आमच्याकडे आली. दिवसभर दगड फोडून दमलेली माणसं माझे दगड फोडायला! आणि वर थट्टा.

"साहेब, हे काम मोजून घेनार का?"

"नगं रं बाबा! न्हाईतर अर्धा फूट वजा व्हईल!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो. हसण्यावाचून माझ्याकडे त्या दिवशी द्यायला होतं तरी काय? चहाला पाणी नव्हतं!

बुधवारी पाच खिडक्या बसल्या, गिलावा झाला. सहावी गुरुवारी दुपारी बसत होती तेव्हाच एस्टी आली. कमल दारात. कुशीत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, मागे सासूबाई, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा.

"अगंबाई!" कमल म्हणाली.

त्या 'अगंबाई'त आनंद किती आणि धसका किती हे मला कळेना. सासूबाईंनी खोलीभर नजर फिरवली. "जावईबापू, खिडक्या एवढ्या थोरल्या कशा काय झाल्या?"

मी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात रहिमानभाई हातातली पटाशी खाली ठेवून म्हणाले, "साहेबांनीच सांगितल्या, आक्का. लेकराला उजेड पायजे, वारा आपल्याला पायजे तवाच आत यायला पायजे. म्हनले, भित फोडा पन खिडकी थोरलीच करा."

त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलली नाही. मी त्यांच्याकडे बघूच शकलो नाही.

कमल बाळाला घेऊन मधल्या खोलीत भिंतीला टेकून खाली बसली. आणि एकदम म्हणाली, "अहो, इथून रस्ता दिसतो!"

आधीच्या खिडक्या उंचावर होत्या. खाली बसलेल्या माणसाला त्यातून फक्त आभाळाचा तुकडा दिसायचा. निवडणं, टिपणं, शिवण, सगळं तिनं तीन वर्षं आभाळाचा तुकडा बघत केलं होतं आणि मला एकदाही सुचलं नव्हतं. आता खिडकी अर्धा फूट खाली आली होती. समोरचा लिंब दिसत होता, ओट्यावरची माणसं दिसत होती. कमल बाळाला खिडकीकडे धरून म्हणत होती, "ती बघ सोनाआजी! ती बघ बकरी!" तिचे डोळे भरून आले होते. "माझ्यासाठी केलंत एवढं?"

मी 'हो' म्हणणार होतो. अगदी ओठांवर आलं होतं. पण खिडकीतून (आता सगळं ऐकू जात होतं ना!) सोनाबाईंचा खडा आवाज आला, "तुझ्यासाटी कशाचं गं! तुटक्या फितीनं मोजलंय त्येनं!"

आणि त्यांनी बाहेर उभं राहून पहिल्यापासून सगळं सांगितलं. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. कमल इतकी हसली, इतकी हसली की बाळ दचकून रडायला लागलं. हसू आवरून, डोळे पुसून तिनं उठून नवी झडप लावून बघितली. छान लागली. मग तिनं झडपेवरून वर-खाली हात फिरवला.

"आणि कडी?"

अकरा पानं. बिजागऱ्या, स्क्रू, काचा, दोन हात रंग, त्रेसष्ट पैसे. कडी कुठेच नव्हती!

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिलो. रहिमानभाईंनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि सहा पितळी कड्या काढून चौकटीवर ठेवल्या. "इस्टिमेटात नव्हत्या," ते म्हणाले, "पन खिडकी म्हनल्यावर कडी लागतीच."

काम संपल्यावर मी त्यांच्यापुढे चारशे सत्याऐंशी रुपये ठेवले. त्यांनी साडेतीनशे मोजून घेतले आणि बाकीचे परत दिले.

"अहो, भिंतीचं काम झालं, कड्या झाल्या..."

"तोंडातनं साडेतीनशे गेलंय. कड्या लेकराला. आन भितीचं काम गल्लीनं केलं, त्येचं पैसं गल्लीला इचारा."

मी गल्लीला विचारलं. सोनाबाईंनी जे उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाकीच्यांनी बाळाला बघू मागितलं.

बाळाच्या बारशाला त्या उरलेल्या पैशांत सगळ्या गल्लीचं गोड जेवण झालं. त्या पाण्याची फेड त्यानं होत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं. त्या खिडक्या आजही तशाच घट्ट लागतात. कमल अजून त्याच भिंतीला टेकून बसते आणि रस्त्यानं जाणाऱ्या निम्म्या गावाची खुशाली विचारते.

खिडक्यांचा बोलबाला मात्र झाला. महिन्याभरानं वरच्या आळीतले एक शेतकरी आले. डोक्यावरचा पटका काढून म्हणाले, "साहेब, तुमच्यावानी खिडक्या करायच्या हायेत."

मी उत्साहानं कागद ओढला. "बसा! तुम्हाला एस्टिमेट करून देतो."

ते बसता बसता उठले. "न्हाई न्हाई साहेब! तेवढं नगं! रहिमानभाईचं घर कुटं, तेवढं सांगा."

मी नीट, विचार करून, बोटं मोजून सांगितलं, "या रस्त्यानं सरळ खाली जा. डाव्या हाताचं तिसरं घर."

ते अर्ध्या तासानं परत आले. चौथं होतं.